तारखेचा रकाना

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. तू रडत होतीस आणि मध्येच आवाज दाबत होतीस, कारण आतल्या खोलीत तुझा मुलगा जागा होता. मी फोनवर फारसं बोलले नाही. रात्री साडेअकराला शाळेची चिठ्ठी हातात धरून बसलेल्या आईला सल्ले द्यायचे नसतात, तिचं ऐकून घ्यायचं असतं. आज सकाळी चहा घेऊन लिहायला बसले आहे. दुपारी घरात कुणी नसेल तेव्हा निवांत वाच.

तू सांगितलंस ते मला समजलं ते असं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सहामाहीचे पेपर वर्गात वाटले. सरांनी गुण मोठ्याने वाचून दाखवले. याला गणितात ४० पैकी ९. मागून कुणीतरी हसलं. याने पेपर टराटरा फाडला, सर जवळ आले तेव्हा बाक ढकलून दिला आणि तोंडाला येईल ते बोलला. आता सोमवारी पालकांनी येऊन भेटायचं, तोपर्यंत त्याने वर्गात बसायचं नाही, आणि ‘वागणूक सुधारणार नसेल तर दाखला घेऊन जा’ असंही तोंडी सुनावून झालंय. घरी आल्यावर बापाने दोन थोबाडीत दिल्या. तो जेवला नाही. आणि तू मला विचारलंस, ताई, माझं कुठे चुकलं गं?

तो प्रश्न आधी बाजूला ठेव. त्याने तुझी झोप जाईल आणि मुलाच्या पदरात काहीच पडणार नाही. त्याऐवजी एकच शब्द विचार: कधीपासून?

ताप आला की डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात ना? कधीपासून आहे, रोज येतो की एकाआड एक दिवस, सकाळी असतो की संध्याकाळी चढतो. वागण्याच्या बाबतीत मात्र आपण थेट ‘काय केलंस’वर येतो आणि तिथून ‘का केलंस’वर. चौदा वर्षांच्या मुलाला ‘का’चं उत्तर खरोखरच ठाऊक नसतं. तो खाली मान घालून उभा राहतो, आपल्याला वाटतं मस्ती आहे, आणि आवाज चढतो.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. ते मी एका मुलाच्या जिवावर शिकले, म्हणून तुला सांगते. हे मी आजवर फार जणांना सांगितलेलं नाही.

नोकरीला सहा-सात वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावातली शाळा, नववीचा वर्ग, पटावर ६४ मुलं. शाळेची शिस्तीची नोंदवही माझ्याकडे होती. लांबट, कापडी बांधणीची, कडा तांबड्या. रकाने छापलेले: अनुक्रमांक, दिनांक, विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता व तुकडी, गैरवर्तनाचा तपशील, केलेली शिक्षा, सही. जून ते नोव्हेंबर एका मुलाचं नाव त्यात ११ वेळा आलं होतं. मारामारी, तासाला झोपणं, उलट उत्तर, कर्कटकाने बाक कोरणं, खिडकीची काच. शिक्षा: वर्गाबाहेर उभं केलं, अंगठे धरायला लावले, पालकांना चिठ्ठी दिली. अकराही सह्या माझ्या.

दिवाळीनंतर त्याचा दाखला काढायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी मला सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवून द्यायला सांगितल्या, वारासकट. शिक्षकखोलीत भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं आणि एकेका तारखेपुढे वार लिहीत गेले. गुरुवार. गुरुवार. गुरुवार. चौथ्या नोंदीला हात थांबला. अकरापैकी नऊ नोंदी गुरुवारच्या होत्या.

आमच्या गावचा बाजार बुधवारचा. त्याचे वडील बाजारात हमाली करायचे. बुधवारी रात्री हातात रोख पैसा यायचा आणि ते पिऊन घरी यायचे. मग त्याची आई दोन्ही पोरांना घेऊन शेजाऱ्यांच्या ओट्यावर पहाटेपर्यंत बसून राहायची. गुरुवारी सकाळी हा मुलगा डोळ्याला डोळा न लागता शाळेत येई, आणि ज्याचा पहिला धक्का लागेल त्याच्यावर हात उचली. आमच्या शाळेचे शिपाईमामा त्याच गल्लीत राहायचे. त्यांना हे सगळं माहीत होतं. मी विचारल्यावर म्हणाले, “बाई, कुणी विचारलंच नाही.”

नोंदवहीत शिक्षेला रकाना होता, कारणाला नव्हता. दिनांकाचा होता. तो मीच भरत होते आणि सहा महिन्यांत एकदाही वाचला नव्हता.

पुढे फार मोठं काही घडलं नाही. दाखला थांबला. गुरुवारी पहिले दोन तास तो प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत झोपायचा, मुख्याध्यापकांनी तोंडी परवानगी दिली होती. फुटलेल्या खिडकीला नवी काच त्याच्याचकडून बसवून घेतली. मामांनी लांबी कशी भरायची ते दाखवलं, त्याने अंगठ्याने दाबून दाबून ती चारही कडांना भरली. वडील सुधारले नाहीत. मारामाऱ्या एकदम थांबल्या नाहीत, त्या वर्षी आणखी दोन झाल्या. पण दोनच. पुढच्या वर्षी तो दहावी पास झाला.

आता तुझ्याकडे येते. काल बोलता बोलता तू तीन गोष्टी सहज सांगून गेलीस. गणपतीपासून तो खाली क्रिकेटला जात नाही. ताट घेऊन खोलीत जातो. आणि मंगळवारी-शुक्रवारी सकाळी हमखास पोटात दुखतं. तुला त्या सहज वाटल्या. मला वाटल्या नाहीत. त्याच्या कपाटाला शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं असेल, त्यात मंगळवारी आणि शुक्रवारी काय आहे ते बघ. एखादा विशिष्ट तास आहे का? पीटी आहे का, म्हणजे कपडे बदलायचे आहेत का? त्या दिवशी व्हॅनमध्ये कोण असतं? पोटात दुखणं खोटं नसतं बरं का. मन धास्तावलं की पोट खरंच दुखतं, मुलांचं तर फारच.

आणि पेपर वाटतानाचा तो प्रसंग. तू म्हणालीस, “एवढं काय झालं गं, आम्हालाही मार्क वाचून दाखवायचे.” खरं आहे, दाखवायचे. पण त्या वयात वर्गासमोर होणारी गोष्ट आणि एकट्यात होणारी गोष्ट यांत फार अंतर असतं. अमेरिकेतल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ होता, पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की पुढे जायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी असताना आणि मित्र बघत असताना अगदी वेगळी वागली. मित्र समोर असले की धोका पत्करण्याचं प्रमाण खूपच वाढलं. चोवीस वर्षांपुढच्या मोठ्या माणसांना मित्र बघतायत की नाही याने जवळजवळ काही फरक पडला नाही. मेंदूचा पुढचा भाग, जिथून आपण ‘थांब, जरा विचार कर’ असं स्वतःला सांगतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. राग, भीती, लाज मात्र चौदाव्या वर्षी पूर्ण ताकदीने पेटतात. म्हणजे गाडीचं इंजिन तयार आहे आणि ब्रेक अजून बसवायचे आहेत. अशा मुलाला ६० जणांसमोर ‘९ मार्क’ म्हणून उभं करायचं आणि त्याने शांत राहावं अशी अपेक्षा धरायची. सरांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण जे झालं ते व्हायचंच होतं.

मग त्याला माफ करायचं का? मुळीच नाही. हे नीट ऐक, कारण इथेच आया घसरतात. पेपर फाडला तो त्याने पुन्हा सोडवायचा, घरी बसून, सगळा. सरांना जे बोलला त्याबद्दल सरांची माफी मागायची. पण ती शिक्षकखोलीच्या दाराशी, सर आणि तो, दोघंच. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं करून मागायला लावलेली माफी ही माफी नसते, तो आणखी एक पेपर वाटप असतो. सोमवारी तू हे दोन्ही शाळेसमोर स्वतःहून मांड. ‘तो हे करील, आम्ही करवून घेऊ, फक्त सगळ्यांदेखत नको.’ बहुतेक मुख्याध्यापक याला नाही म्हणणार नाहीत, कारण त्यांनाही प्रकरण मिटायला हवं असतं.

आता त्याची झोप बघू. काल मी मुद्दाम विचारलं होतं. शाळा सकाळच्या सत्रात, सातची. व्हॅन सव्वासहाला. तो साडेपाचला उठतो. संध्याकाळी क्लास साडेआठपर्यंत, जेवण साडेनऊ, मग गृहपाठ, मग मोबाइल, झोपायला बारा. म्हणजे साडेपाच तास. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, हे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. त्यात वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळच दीड-दोन तास पुढे सरकतं, त्यामुळे रात्री दहाला त्याला खरोखरच झोप येत नाही. तो आळशी नाही. सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते लहानांसाठी फार चांगलं झालं. पण झोपेचं घड्याळ सरकतं ते नववी-दहावीच्या मुलांचं, आणि त्यांची शाळा अजून सातचीच आहे. शाळेची वेळ तू बदलू शकणार नाहीस. क्लासची बदलू शकतेस. रोजचा क्लास आठवड्यातून तीन दिवसांवर आण. मोबाइलचे चार्जर रात्री साडेदहाला हॉलमध्ये लावायचे, सगळ्यांचे, तुझ्या नवऱ्याचासुद्धा. त्याचा तेवढा काढून घेतलास तर उद्या आणखी एक भांडण.

झोप सुधारून पंधरा दिवसांत फरक दिसला तर देवाचे आभार मान. नाही दिसला तर पुढचं वाच.

आपल्याला वाटतं, उदास माणूस म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारा. मोठ्यांचं तसं असतं बऱ्याचदा. मुलांमधली उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर येते. दार आपटणं, उलट बोलणं, ‘मला एकटं सोडा’, आवडती गोष्ट सोडून देणं, मित्रांपासून तुटणं, अंघोळीला टाळाटाळ, खाणं एकदम कमी किंवा एकदम जास्त. यातलं बरंच काही सगळ्याच मुलांत चार-दोन दिवस दिसतं. पण जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून जास्त, आणि शाळा, घर, खेळ सगळीकडे दिसायला लागलं तर तो स्वभाव नाही, ते आजारपण असू शकतं. मनाचे निम्मे आजार अठराव्या वर्षाच्या आत सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मनाचा काही ना काही आजार असतो. साठ मुलांच्या वर्गात आठ-नऊ मुलं झाली. शिस्तीच्या नोंदवहीत त्यांचीच नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि काहींची कधीच येत नाहीत, कारण ती गप्प बसतात. मुलींचं तर असंच होतं. वर्गात त्रास नाही म्हणजे ‘गुणी मुलगी’. मग एक दिवस कळतं की भर उन्हाळ्यात ती पूर्ण बाह्यांचे कपडे का घालत होती.

जाता जाता एक सांगते. मुलगी सतत थकलेली, चिडचिडी, अभ्यासात लक्ष नाही अशी असेल तर आधी तिचं हिमोग्लोबिन तपासा. देशात १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींत ५९ मुलींना रक्तक्षय आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीतला आकडा आहे. शाळेतून आठवड्याला मिळणारी ती निळी लोहाची गोळी खिडकीतून फेकून देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हे तुझ्या धाकटीसाठीही लक्षात ठेव.

तुझ्या लेकाच्या बाबतीत अजून एक शंका माझ्या मनात आहे. तू म्हणालीस, तोंडी विचारलं तर गणित बरोबर सांगतो, पेपरात मात्र गोंधळ. शब्दगणित वाचूनच सोडून देतो. लहानपणी अक्षरं उलटी काढायचा का? मोठ्याने वाचायला सांगितलं की काही ना काही कारण काढून उठतो का? मला खात्री नाही, पण अध्ययन अक्षमता असेल तर ती तपासून घ्यायला हवी. हुशार मुलं ती आठवीपर्यंत पाठांतरावर झाकून नेतात आणि नववीत उघडी पडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि दहावीच्या परीक्षेला अशा मुलांना जादा वेळ मिळतो. ‘९ मार्क’ ऐकून हसणाऱ्या पोराला हे ठाऊक नव्हतं. पण आपल्याला ठाऊक असायला हवं.

आता जे विचारायला तुझी जीभ उचलणार नाही, ते. काल तू म्हणालीस की तो परवा बोलून गेला, “मी नसतो तर बरं झालं असतं तुमचं.” आणि तू लगेच म्हणालीस, “पण रागात बोलला गं.” रागात बोलला असेल. तरी विचार. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको तो विचार भरतो, ही भीती खरी नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं हलकी होतात. वेळ निवड, समोरासमोर बसू नकोस, भाजी निवडताना किंवा स्कूटरवरून जाताना विचार. “तू परवा असं म्हणालास, तेव्हापासून माझ्या मनात आहे. तुला कधी जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?” आणि मग गप्प बस. तो दोन मिनिटं काही बोलणार नाही, ती दोन मिनिटं सोस. हो म्हणाला तर ‘असं बोलू नये, वेडा आहेस का’ म्हणू नकोस. “सांगितलंस, बरं केलंस. मी आहे इथेच,” एवढंच म्हण, त्याला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा. घरातली औषधं, गोठ्यातली-शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेव. हे आजच कर, त्याच्याशी बोलणं व्हायची वाट बघू नकोस.

कुठे जायचं हा तुझा पुढचा प्रश्न असणार. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक लिहून फ्रिजवर लाव. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली फुकट सेवा आहे, रात्री-बेरात्री चालते, मराठीत बोलता येतं, आणि आईनेही फोन केला तरी चालतो. मूल संकटात असेल, त्याला कुणी त्रास देत असेल तर १०९८. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, केसपेपर काढला की दाखवता येतं. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तुझ्या सासूबाई अडवतील. त्यांना सांग, कावीळ झाली असती तर लोकांना विचारून दवाखान्यात गेलो असतो का?

सोमवारी शाळेत जाशील तेव्हा भांडायला जाऊ नकोस आणि हात जोडून उभीही राहू नकोस. बरोबर वही ने. वर्गशिक्षकांना विचार: हा आधीपासून असाच होता का, की या वर्षी? कोणत्या तासाला जास्त? मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो? एकटा डबा खातो का? जे सांगतील ते समोर लिहून घे. शिक्षकाच्या लक्षात येतं की ही बाई ऐकून घ्यायला आलीय, मग तेही मोकळे होतात. ही माणसं ६०-७० मुलांचे वर्ग सांभाळतात, वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. मी ते सगळं केलंय. चिडलेल्या शिक्षकामागेही एक ‘कधीपासून’ असतो. “हात लावायचा नाही, बोलायचं नाही, मग शिस्त लावायची कशी?” असं माझे सहकारी हताश होऊन विचारायचे, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. आपल्या महाराष्ट्रात त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने अमळनेरच्या छात्रालयात देऊन ठेवलंय. साने गुरुजी मुलांच्या पसारा पडलेल्या खोल्या कुणाला न बोलता स्वतः आवरून ठेवायचे. प्रत्येकाला साने गुरुजी होता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलणं ६४ च्या वर्गातही जमतं. उशिरा का होईना, मला जमलं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, शस्त्र म्हणून नाही, तुझा पाय डळमळू नये म्हणून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. १६ वं कलम सांगतं की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तुझा नववीत आहे, त्यामुळे हे दुसरं त्याला थेट लागू नाही. पण अठरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला ज्याच्या ताब्यात तो आहे त्याने क्रूरपणे वागवणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा असं बजावलं. म्हणून सोमवारी नम्रपणे विचार, शाळेत समुपदेशक कधी येतात? दाखल्याची भाषा पुन्हा निघाली तर एवढंच म्हण, “सर, हे मला लेखी द्या.” तोंडी धमक्या बहुतेक वेळा लेखी उतरत नाहीत. मंगळवार-शुक्रवारच्या पोटदुखीमागे कुणाचा त्रास निघाला, अंगाला हात लावण्यासारखं काही निघालं, तर मात्र नम्रपणा पुरे. सखी सावित्री समिती प्रत्येक शाळेत असायला हवी असा २०२२ चा शासन निर्णय आहे, तिच्याकडे जा, आणि पोक्सो कायद्याखाली तक्रार करायला कचरू नकोस. मी बरोबर येईन.

तुझ्या नवऱ्याशी बोल. रागावून नको. ज्या बापाला स्वतः मार खाऊन मोठं व्हावं लागलं, त्याच्या हाताला दुसरं काही येत नाही. “मला त्याची काळजी वाटते, तुम्हालाही वाटते, मला माहितेय,” इथून सुरुवात कर. त्याने मुलाला एवढंच म्हणायला हवं, ‘काल मी हात उचलला, ते चुकलं.’ एक वाक्य. मुलगा काही उत्तर देणार नाही, पण ऐकेल. पेपर फाडल्याची माफी मागायला तो सरांपुढे उभा राहील तेव्हा ते वाक्य त्याच्या बरोबर असेल.

आणि तू. बेचाळीस पूर्ण झालीस या श्रावणात. पाळी पुढे-मागे व्हायला लागलीय म्हणालीस, रात्री दोनला जाग येते, मग लागत नाही. एका घरात आईचं आणि मुलाचं शरीर एकाच वेळी बदलतंय, दोघांची झोप उडालेली, दोघं एकमेकांवर ओरडतायत. तुझ्या रागातला थोडा भाग त्यातलाही आहे. डॉक्टरांना दाखव. रविवारी दुपारी दोन तास माझ्याकडे येऊन पड. स्वयंपाक करू नकोस, मी करते.

पत्र लांबलं. सोमवारची भेट झाली की लगेच फोन कर, मी जवळच ठेवते. आणि आज संध्याकाळी, तो क्लासहून यायच्या आत, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली काढ. दुधाचा हिशोब लिहितेस त्याच चौकोनांत पेन्सिलीने टिंबं काढ: पोट दुखलं तो दिवस, जेवला नाही तो दिवस, भांडण झालं तो दिवस, आणि हसला तोही. आठवेल तेवढं मागे जा. मागची पानं तू फाडून टाकत नाहीस, उलटून ठेवतेस, मला माहीत आहे. गणपतीच्या महिन्याचं पान तिथेच असेल, तिथून सुरू कर.